एकोणीस नंबरचा पाना

खंडेनवमीला आमच्या घरी शस्त्रे म्हणून जे काही पाटावर मांडले जाते, ते पाहून एखाद्या शूर पूर्वजाला मूर्च्छाच यावी! विळी, अडकित्ता, शिवणाची कात्री, थोरलीची कंपासपेटी आणि त्यांच्या शेजारी माझे मोटारीचे पाने. १९९९ सालच्या खंडेनवमीला मी फुले वाहायला बसलो आणि मोजले, तर आठांच्या संचातले पाचच पाने पाटावर हजर! संच घेऊन वर्षसुद्धा झाले नव्हते.

"तीन शस्त्रे रणांगणावरच राहिलेली दिसतात," आमचे कुटुंब हळद-कुंकू पुढे करीत म्हणाले. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

त्याचे असे झाले. १९९८ साली आम्ही एक जुनी मारुती आठशे घेतली. गाडी जुनी, म्हणजे तिचे दुखणे-खुपणे आलेच. गॅरेजवाल्याचे दुसरे बिल आले तेव्हा मी जाहीर केले, की किरकोळ कामे यापुढे घरीच करायची! बॅटरीची टोके साफ करणे, प्लग काढून पुसणे, पंख्याचा पट्टा ताणणे, यांत अवघड ते काय? त्याच रविवारी मी जुन्या बाजारात गेलो. पुण्याच्या वाचकांना हा बाजार सांगायला नको. बुधवारी आणि रविवारी तिथे रस्त्यावर काय मिळत नाही ते विचारा. मी ओंजळभर पाने अगदी स्वस्तात आणले आणि स्वारी विजयी मुद्रेने घरी परतली.

शेजारचे फोरमनकाका तेव्हा गॅलरीत उभे होते. काकांचा सारा जन्म एस. टी.च्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये गेलेला. निवृत्त होऊन दहा वर्षे झाली, तरी सकाळी सातला त्यांना भोंगा ऐकू येतोच. त्यांनी माझी खरेदी एकेक करून हातात घेतली, एक नवा कोरा नट आणून प्रत्येक पान्याच्या तोंडात बसवून पाहिला आणि निम्म्याहून अधिक पाने बाजूला काढले.

"यांची तोंडं फाकलीत. हे नटाला धरणार नाहीत, नुसती कोपरं खाणार. एकदा नटाचं डोकं गोल झालं, की मग छिन्नी अन् हातोडी!"

नंतर त्यांनी मला जे शिकवले, ते कोणत्याही दुकानदाराने शिकवले नसते. पान्यावरचा आकडा ही बोल्टची जाडी नव्हे; नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधले ते अंतर, मिलिमीटरमध्ये. आपल्या बाजारातला आठ मिलिमीटर जाडीचा साधा बोल्ट घ्या, त्याच्या डोक्याला तेरा नंबरचा पाना लागतो. पण मारुतीची घडण जपानी. तिथे त्याच जाडीच्या बोल्टला बारा नंबर लागतो. म्हणून आठ पान्यांच्या संचातले आकडे सहापासून बावीसपर्यंत असले, तरी मारुतीवाल्याच्या हाताला सदा लागायचे ते दहा, बारा, चौदा आणि सतरा. एखाद्या नंबराच्या फरकाने काय बिघडते, असे म्हणून मी एकदा बॅटरीच्या दहाच्या नटाला अकरा लावला होता. काय बिघडते, ते त्या नटाने मला दाखवले.

काकांची स्वतःची गाडी ॲम्बॅसेडर, म्हणजे सगळा कारभार इंचांचा. अर्ध्या इंचाचे बारा पूर्णांक सात मिलिमीटर होतात. त्याला बारा चढत नाही आणि तेरा ढिला बसतो. फक्त पाऊण इंच आणि एकोणीस मिलिमीटर यांचे गोत्र जुळते, त्यामुळे आमच्या दोन घरांत उसनवारीचा व्यवहार तेवढ्या एकाच पान्यापुरता चाले.

दुसरा धडा रिंग पान्याचा. उघड्या तोंडाचा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. रिंग त्याला चहूकडून कवळते आणि जोर सगळ्या कोपऱ्यांवर वाटला जातो. म्हणून घट्ट बसलेला नट आधी रिंगने हलवावा, मग उघड्या पान्याने भराभर फिरवून काढावा. आणि ज्याचे तोंड लहानमोठे करता येते, तो पाना नळाच्या कामाला ठीक, मोटारीला लावू नये. हा काकांचा कायदा होता आणि त्यावर अपील नव्हते.

तेव्हा जुना बाजार विसरून मी रीतसर दुकानातून, आपल्या नाशिकच्या सातपूरच्या टापरिया कंपनीचा आठ पान्यांचा संच घेतला. जोडीला चार रिंगपाने, एक पक्कड आणि दोन स्क्रू-ड्रायव्हर. गोट्यांच्या पान्याची पेटी मनात फार भरली होती. पण कुटुंबाने किंमत विचारली आणि मी ती पेटी मनातच ठेवली.

आणि त्याच संचातले तीन पाने वर्षाच्या आत नाहीसे झाले. चोरीला नव्हे हो. दहा-अकराचा बॅटरीच्या खालच्या पत्र्यावर विसावलेला सापडला. बारा-तेराचा कुटुंबाने पाट्याखाली टेकू म्हणून लावला होता. चौदा-पंधराचा कोणी नेला ते नेणाऱ्यालाच ठाऊक! मी हसण्यावारी नेले. हत्यारे हरवणे म्हणजे फार तर पैशांचे नुकसान, असे मला वाटत होते. २००३ सालची दिवाळी येईपर्यंत वाटत होते.

भाऊबीजेला साताऱ्याला मेहुण्यांकडे जायचे होते. आदल्या संध्याकाळी मी चारही चाकांची अदलाबदल करायला घेतली. तीन चाके झाली. चौथे, मागचे डावे, बसवून चारही नट हाताने फिरवले, जॅक उतरवला. चाक जमिनीला टेकले, की मगच शेवटचा आवळा द्यायचा असतो, तोही समोरासमोरचे नट घेत. इतके मला पाठ होते. पण हात चाकाच्या पान्याकडे गेला तो रिकामाच! तळमजल्यावरचा कॉलेजकुमार "काका, एक मिनिटात आणतो" म्हणून पाना घेऊन गेला होता आणि मी जॅकच्या नादात नुसती मान हलवली होती. त्याची वाट पाहत उभा आहे, तोच वरून हाक आली, की पाहुणे आलेत. मी चाकाची थाळी दाबून बसवली, हात धुतले आणि चकली खायला गेलो.

सकाळी साडेसहाला आम्ही चौघे निघालो. पान्याची आठवण कोणाला? कात्रजचा घाट सुरू होण्याच्या अलीकडे मागून थोरली म्हणाली, "बाबा, कोणीतरी वाटीत चमचा वाजवतंय." ती तेव्हा नऊ वर्षांची होती. मी म्हटले, "फराळाचा डबा हलत असेल." ती म्हणाली, "डबा माझ्या मांडीवर आहे. आवाज खालून येतोय."

मी गाडी बाजूला घेतली. मागच्या डाव्या चाकाची थाळी काढली, तर एक नट घरंगळत माझ्या पायाशी आला. थाळीत अडकून तोच वाजत होता. उरलेले तिन्ही बोटाने फिरत होते. पुढे घाट होता, गाडीत बायको होती, थोरली होती, आणि धाकटा आईच्या मांडीवर झोपला होता. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. पाय उभे राहीनात.

आवळायला पाना कुठे होता? तो पुण्यात, तळमजल्यावर! शंभर-दीडशे पावलांवर एक पंक्चरवाला दुकान उघडत होता. तो आपला चार तोंडांचा पाना घेऊन आला आणि चारही नट आवळून दिले. मी त्याला दहा रुपये दिले. ते खिशात घालता घालता तो म्हणाला, "साहेब, नट आवळल्याबिगर पाना दुसऱ्याच्या हातात देऊ नये."

कुटुंब त्या दिवशी साताऱ्यापर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलले नाही. मेहुण्यांच्या घरी सगळे यथासांग पार पडले, पण ओवाळून घेताना माझेच हात कापत होते.

परत आल्यावर मी काकांना सगळे सांगितले. ते रागावतील असे वाटले होते; पण त्यांनी मुकाट्याने एक जुनी फळी काढली, माझा एकेक पाना तिच्यावर ठेवून पेन्सिलीने त्याची आकृती गिरवली, आत काळा रंग भरला आणि वर खिळे ठोकले. पाना जागेवर नसला, की काळी सावली डोळ्यांत भरते. मोजत बसावे लागत नाही.

"आमच्याकडं पितळी बिल्ला असायचा," ते म्हणाले. "स्टोअरमधून हत्यार न्यायचं तर आपला बिल्ला त्याच्या खुंटीला. हत्यार परत, तर बिल्ला परत. तुमच्याकडं बिल्ला कुठला? गाडीची किल्ली लावा."

तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला. फळीवरून पाना उतरवला, की त्याच खिळ्याला गाडीची किल्ली अडकवायची. सगळे पाने परतल्याखेरीज किल्ली हलवायची नाही. कोणी उसना मागायला आला, तर त्याने स्वतःची किल्ली आणावी. कॉलेजकुमाराला हे फार लागले. त्याने स्वतःचा पाना विकत घेतला, हे उत्तमच झाले.

आमची मारुती २०१२ साली विकली. काका आता नाहीत. फळी गॅलरीत तशीच आहे.

थोरलीची आता स्वतःची गाडी आहे. तिला किल्ली भोकात घालावी लागत नाही, नुसते बटण दाबले की सुरू होते. गेल्या दिवाळीत ती माहेरी आली असताना सकाळीच खाली चाकाशी काहीतरी खटपट करीत बसलेली दिसली. मी गॅलरीत गेलो. फळीवर एकोणीस नंबरची जागा काळी दिसत होती आणि तिच्या खिळ्याला ते बटणाचे खेळणे दोऱ्याने बांधून लटकवलेले होते.