नातवंडांच्या हाती अवजारे

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या नेकनूर भागातील अनेक घरांना कुलपे लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि कारखान्यांचे गाळप संपेपर्यंत, म्हणजे साधारणतः मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाहीत. अंगावर पिणारी लेकरे आईसोबत फडावर जातात. दूध सुटलेली काही मात्र आजी-आजोबांपाशी गावातच राहतात. शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहे असतात. अडीच-तीन वर्षांच्या मुलांचे वसतिगृह म्हणजे आजीची मांडी. त्यामुळे या काही महिन्यांत माझ्या दवाखान्यात लहान मुलांना घेऊन येणारे बहुतेक जण साठी-सत्तरीचे असतात. आजचा मजकूर प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे. शहरात नातवंडे सांभाळणाऱ्यांनाही तो उपयोगी पडावा.

गेल्या हंगामात एक वृद्ध जोडपे अडीच वर्षांच्या नातवाला घेऊन आले. मुलाच्या बोटाला विळा लागला होता. जखम उथळ होती; तिच्यात दाबलेली हळद आणि चहाची पूड धुऊन काढण्यातच अधिक वेळ गेला. मी पट्टी बांधत असता आजोबा म्हणाले, "डॉक्टरीणबाई, घरातली समदी हत्यारं माळवदावर टाकली बघा. आता दिवसभर मोबाईल देतो. पण काढून घेतला की लोळण घेतंय. ह्याच्या हातात द्यावं तरी काय?"

आजी दाराशी उभ्या होत्या. त्यांची चिंता निराळी होती. "रोज काठी घेऊन कडब्यावर हाणतंय, मोळ्या बांधतंय. म्हणतंय, मी फडावर चाललो. बाई, ह्याच्या नशिबी बी कोयताच लिहिलाय का?"

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवे की ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरली जाते. अवजाराचे नाव माणसांना चिकटलेले असल्यावर नातवाने ते अवजार उचललेले पाहून आजीच्या पोटात कालवाकालव होणारच. मी त्यांना खुर्चीवर बसवले आणि जे सांगितले, तेच येथे सविस्तर मांडते.

दोन-अडीच वर्षांचे मूल जे पाहते तेच खेळते. शिंप्याच्या घरचे कात्रीचा आवाज काढते, किराणा दुकानदाराचे पुड्या बांधते. माझ्या घरी आलेल्या एका भाचरंडाने बाहुलीला इतकी इंजेक्शने दिली की बाहुली असूनही तिची दया यावी. त्या खेळातून मुलाचे भवितव्य ठरत नाही. मात्र एक गोष्ट त्यातून निश्चित घडते. समोर नसलेली वस्तू, समोर नसलेले माणूस मनात धरून ठेवण्याची शक्ती या वयात अशा खेळाने वाढते. तुमचा नातू मोळी बांधतो, तेव्हा त्याची आई त्याच्या जवळ असते, असे मी आजींना म्हणाले. तो खेळ मोडू नये. त्यातला पातेधारी विळा तेवढा काढून घ्यावा आणि त्याच्या जागी दुसरे काही द्यावे. आजोबांनी पहिला अर्धा भाग केला होता. दुसऱ्या अर्ध्याच्या जागी मोबाईल आला होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको. तेही जितके कमी तितके चांगले. त्याच सूचनांत एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल हवी, असे म्हटले आहे. तीन तास ऐकून घाबरू नका. मातीत उकरणे, पाणी ओतणे, सूप उचलून पळणे हे सारे त्यात धरायचे.

माझ्या टेबलाच्या खणात एक जुना, निकामी स्टेथोस्कोप असतो. लहान रुग्ण आला की तो मी त्याच्यापुढे ठेवते. वर्षाचे मूल तो तोंडात घालते, आपटते, ओढते. साधारण दीड वर्षाचे मूल त्याची गोल तबकडी स्वतःच्या छातीला किंवा आजोबांच्या गुडघ्याला लावते. दोनच्या पुढचे मूल स्टेथोस्कोप नसला तरी दोरीचा तुकडा कानाला लावून 'डॉक्टर' होते, आणि तीन वर्षांचे मूल आजीला झोपवून, तपासून, "गोळी घ्या" असे दटावतेसुद्धा. या क्रमात महिना-दोन महिन्यांचे पुढेमागे होतेच. परंतु मुलाचे मन कोठवर आले आहे, हे त्या जुन्या नळीने मला जेवढे कळते, तेवढे वजनकाट्याने कळत नाही.

आता काय द्यावे, याविषयी. बाजारात प्लॅस्टिकच्या हातोडी-पान्यांचे संच मिळतात. सावंतवाडीची लाकडी भातुकली तर पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. घेता येत असेल तर अवश्य घ्यावी. पण आपल्या घरात जे आहे ते अधिक कामाचे, कारण मुलाने ते तुमच्या हातात पाहिलेले असते.

जुन्या स्लीपरचा तळवा कापून त्याचा कोयता करता येतो. रबर मऊ असते, लागत नाही. आधी स्वच्छ धुवावे आणि मूल चावून तुकडे काढीत असेल तर जाड पुठ्ठा वापरावा. ज्वारीच्या धाटांची बैलगाडी आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी केली असेल. बोटे अजून विसरलेली नसतात, करून पाहा. फक्त धाटाची साल पात्यासारखी कापते, म्हणून सोलण्याचे काम मोठ्यांनी करावे आणि मुलाच्या हाती आतला मऊ गाभाच द्यावा. त्याच गाभ्याचे वीतभर तुकडे म्हणजे ऊस, आणि कापडाची छोटी पट्टी म्हणजे मोळीचा बांध.

घमेल्यात ओली माती घेऊन लाकडी उलथन्याने खुरपणी करता येते. बाटलीचा वरचा भाग कापून, कडेला चिकटपट्टी लावून चाडे होते. त्यातून वाळू सोडली की पेरणी. रंगाचा जुना ब्रश आणि तांब्याभर पाणी दिले तर मूल अर्धा तास भिंत 'रंगवते', आणि वाळली की पुन्हा पहिल्यापासून. मला विचाराल तर या वयाचा याहून उत्तम खेळ नाही. खर्च नाही आणि भिंतही बिघडत नाही. फक्त पाण्याचे भांडे लहान असावे आणि आपले लक्ष असावे. बादलीभर पाण्यातही लहान मूल बुडू शकते. दोन करवंट्या आणि एक काठी यांचा तराजू केला की जड-हलके आपोआप कळते. दोरी मात्र वीतभरच ठेवावी. लांब दोरी गळ्यात अडकते. तीन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला ट्रॅक्टरचा मोठा बोल्ट आणि त्याचे नट, ग्रीस पुसून, स्वच्छ करून द्यावे. नट फिरवून बसवताना मनगट वळते, दोन्ही हात वेगवेगळी कामे करतात. पुढे पेन्सिल धरायला आणि सदऱ्याची गुंडी लावायला हीच बोटे लागतात.

खेळताना बोलत राहावे. पाखडणे, चाळणे, निवडणे, कांडणे, दळणे, खुरपणे, ठोकणे, पिळणे ही क्रियापदे आपल्या पिढीकडे आहेत, मोबाईलकडे नाहीत. मूल सूप हलवीत असता "पाखडतोस का? कोंडा उडाला बघ" एवढे म्हटले तरी शब्द आणि कृती एकत्र रुजतात. प्रश्नांची सरबत्ती नको. आणि मुलीच्या हातातून हातोडी, मुलाच्या हातातून लाटणे काढून घेऊ नये. एका कोयत्यातला अर्धा कोयता बाईच असते, हे आपल्या भागात तरी कोणाला शिकवायला नको.

हे सारे काही माझ्या डोक्यातून निघालेले नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत ते काम नेले. माँटेसरींची पद्धत त्यांना मान्य होती, महागडी साधने परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी पाने, बिया, शंख-शिंपले, गोटे, माती यांनाच शैक्षणिक साधने केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. आज 'अंगणवाडी' हा शब्द आपण सहज वापरतो, त्यामागे हे कष्ट आहेत. घराजवळच्या अंगणवाडीत नातवंडाला अवश्य पाठवावे. पण उरलेला दिवस घराच्या अंगणातच जातो.

आता जे सांगते ते कृपया दोनदा वाचावे. खेळातले अवजार आणि खरे अवजार यांची गल्लत मूल करते. ती आपण करू नये. विळा, खुरपे, कुऱ्हाड, पास, विळी या वस्तू कुलपात, नाहीतर हाताला न लागेल अशा उंचीवर असाव्यात. नुसत्या कोनाड्यात ठेवून भागत नाही, कारण मूल डब्यावर डबा ठेवून चढते. कडबाकुट्टी यंत्राजवळ मुलाला कधीही, कोणाच्याही कडेवरसुद्धा, नेऊ नये; बोटेच काय, हात गेलेली मुले मी पाहिली आहेत. फवारणीचा पंप आणि औषधाचे रिकामे डबे ही खेळणी नव्हेत. धुतलेला डबासुद्धा नाही. पंपाने पाणी उडवायला मुलांना फार आवडते, आणि तेथेच घात होतो. कीटकनाशक अंगावर सांडले तर कपडे काढून भरपूर पाण्याने व साबणाने धुवावे, पोटात गेले असल्यास उलटी करवू नये आणि डबा सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे.

तीन वर्षांखालील मुलाला सुमारे सव्वातीन सेंटिमीटरपेक्षा बारीक वस्तू खेळायला देऊ नये. चिंचोके, हरभरे, शेंगदाणे, छोटे नट यांतले काहीही श्वासनलिकेत अडकू शकते. दिवे लागणाऱ्या, आवाज करणाऱ्या खेळण्यांत बटणासारखा सेल असतो. तो गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजते. म्हणून नुसता संशय आला तरी क्ष-किरणाची सोय असलेल्या रुग्णालयात जावे, शौचावाटे पडेल म्हणून थांबू नये. आणि कापलेच तर स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरावे. हळद, तंबाखू, चहा, माती काहीही भरू नये. दवाखान्यात येताना लसीकरणाचे कार्ड आणावे. 16 ते 24 महिन्यांत द्यायचा त्रिगुणी लसीचा बूस्टर डोस आई-वडिलांच्या जाण्या-येण्यात राहून गेलेला मला वारंवार आढळतो.

आपल्या प्रकृतीचाही विचार करायला हवा. गुडघे दुखत असता जमिनीवर बसून खेळण्याचा हट्ट धरू नका. आपण बाजेवर किंवा खुर्चीवर बसावे आणि मुलाचे घमेले पाटावर ठेवावे. सकाळी पंधरा मिनिटे आणि संध्याकाळी पंधरा मिनिटे मनापासून सोबत खेळले की मधल्या वेळी ते आपल्या नजरेसमोर एकटेही रमते. खेळ संपल्यावर वस्तू टोपलीत भरण्याचे काम त्यालाच द्यावे. रात्री वाटेत पडलेल्या बोल्टवर पाय पडून खुबा मोडलेली आजी हा माझ्या दृष्टीने खेळण्याचाच अपघात असतो.

काही मुले असे खेळतच नाहीत. दीड वर्षाचे मूल बोटाने काही दाखवीत नाही, अडीच वर्षांचे मूल खोटे-खोटे काहीच करीत नाही, नुसते चाक फिरवीत बसते, हाकेला वळत नाही, आधी येणारे शब्द बोलेनासे झाले, यांपैकी काही दिसले तर "बाप बी उशिराच बोलला" म्हणून वाट पाहू नये. आई-वडील परत येईपर्यंतही नाही. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलांची तपासणी करते. त्यांना सांगावे, नाहीतर आपल्या डॉक्टरांना दाखवावे. तपासणीत काही निघाले नाही तर एक हेलपाटा पडला एवढेच.

ते आजोबा चौथ्या दिवशी नातवाला घेऊन पट्टी काढायला आले. मुलाच्या हातात निळ्या स्लीपरचा कोयता होता आणि खिशात धाटाचे गाभे. पट्टी काढीपर्यंत त्याने माझ्या टेबलावर त्यांची एक मोळी बांधली. गाठ काही बसेना, आजोबांनी बोट धरले. मोबाईल सुटला का, असे मी विचारले. "रातच्याला लागतोच," आजोबा म्हणाले, "पण आता त्याच्यावर आईला मोळ्या दाखवतंय. ती तिकडून इचारती, किती झाल्या रं? ह्याला दोनच येतात. रोज दोनच सांगतंय."

आजी आल्या नव्हत्या. घरी घमेल्यातल्या मातीत नातवाने मेथी टाकली होती, आणि कोंबड्या राखायला कोणीतरी हवे होते.