पंख्याची घरघर

माझा जुना संगणक सुरू केला की घरघर लागायची. दुरुस्तीवाल्याने दोन उपाय सांगितले: नवा घ्या, नाहीतर मदरबोर्डवरचा तो छोटा पंखा काढूनच टाका. दुसरा फुकटचा, मोह झालाच. पण तो पंखा खालची चिप थंड ठेवतो. जेमतेम चार सेंटिमीटरचा. पुरेसा वारा द्यायला त्याला फार वेगाने फिरावं लागतं. धूळ साचली, बेअरिंगमधलं तेल सुकलं की तो ओरडू लागतो. काढला तर आवाज थांबेल, चिप मात्र तापत राहील.

शेवटी नातवाने त्याच मापाचा, 12 व्होल्टचा पंखा हीटसिंकसकट आणला. चिपवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. एक दुपार गेली, घरघर गेली.

आवाज बंद करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, असं माझं आता ठाम मत आहे. शाळेत दंगा करणाऱ्या एका मुलाला मी रोज वर्गाबाहेर उभं करायचो. वर्ग शांत व्हायचा, मी खुशाल शिकवायचो. सहामाहीनंतर तो शाळेत आलाच नाही. त्याला काय होतंय, हे मी कधी विचारलंच नव्हतं.