न्यायमूर्तींची आंधळी कोशिंबीर

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला रंग दिसत नाहीत. घाबरू नका, नेत्रविकार नाही, तत्त्वज्ञान आहे. संविधान रंगांध, सबब हार्वर्डनेही रंगांध व्हावं, असं सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी २९ जून २०२३ रोजी बजावलं. प्रवेश देताना अर्जदाराचा वंश विचारात घेण्याची, १९७८ पासून याच न्यायालयाने चालू दिलेली पद्धत निकालात निघाली. वा! टाळ्या.

टाळ्या वाजवून झाल्या असतील तर त्या निकालाची चौथी तळटीप वाचा. मोठ्या माणसांचा खरा स्वभाव तळटिपांतच सापडतो. तिथे म्हटलंय की लष्करी अकादम्यांचा प्रश्न आम्ही इथे घेत नाही, त्यांची गरज वेगळी असू शकते. न्यायमूर्ती केतनजी ब्राउन जॅक्सन यांनी विरोधी मतात नेमकं इथेच बोट ठेवलं: काळी पोरं खंदकात चालतात, कंपनीच्या संचालक मंडळात नाही.

पुढे आणखी गंमत. अर्जावरची वंशाची खूण प्रवेश देणाऱ्याने पाहायची नाही. पण त्या वंशापायी आपण काय भोगलं यावर पोराने निबंध लिहिला, तर तो वाचायला हरकत नाही. मात्र निबंधाच्या आडून जुनी पद्धत परत आणाल तर खबरदार! सतरा वर्षांच्या मुलाने आपलं दुःख नीट शब्दांत बसवून विक्रीला मांडायचं. चौकटीत एक खूण करणं त्यापेक्षा कमी अपमानाचं नव्हतं का?

बरं, मग आता हार्वर्डमध्ये निखळ गुणवत्ता? खटल्यात बाहेर आलेल्या आकडेवारीनुसार तिथे प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक मुलं एक तर खेळाडू होती, नाही तर माजी विद्यार्थ्यांची, तिथल्या नोकरदारांची किंवा डीनसाहेबांच्या खास यादीतली. देणगीदारांची बाळं या यादीत रांगतात. आपण ज्याला मॅनेजमेंट कोटा म्हणून नाकं मुरडतो, तो तिथे परंपरा म्हणून मिरवतो. आजोबा हार्वर्डचे, म्हणून नातू गुणवान! त्या आजोबांच्या वर्गात काळी मुलं किती होती, असं विचारलं की विषय वंशाचा होतो, आणि वंश तर दिसतच नाही. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. इथे कुत्र्याचं आडनाव इमारतीवर कोरलेलं असतं, एवढाच फरक.

या रंगांध पंथाचे मूळपुरुष न्यायमूर्ती हार्लन. १८९६ साली प्लेसी खटल्यात काळ्यांचे आणि गोऱ्यांचे रेल्वेचे डबे वेगळे ठेवायला सात न्यायमूर्तींनी मान डोलावली, एकट्या हार्लननी विरोध केला. त्या धैर्याला मुजरा. पण ‘आपलं संविधान रंगांध आहे’ या त्यांच्या जगप्रसिद्ध वाक्याच्या जरा वर पाहा. गोरा वंश प्रतिष्ठेत, विद्येत, संपत्तीत, सत्तेत वरचढ आहे आणि वारसा जपला तर कायम राहील, अशी ग्वाही! थोडं खाली उतरा. चिनी माणूस इतका परका की त्याला आपण नागरिकही होऊ देत नाही, आणि तो गोऱ्यांच्या डब्यात बसतो, ही तक्रार. भक्तमंडळी मधलं वाक्य तेवढं कापून नेतात.

आता या ८ सप्टेंबर २०२५ वर. लॉस एंजेलिसमध्ये स्थलांतर खात्याची माणसं गाड्या धुण्याच्या जागी, मजूर नाक्यांवर लोकांना अडवत होती. खालच्या कोर्टाने सांगितलं: चेहरा, स्पॅनिश बोली, जागा आणि काम, एवढ्याच भांडवलावर कुणाला धरू नका. सर्वोच्च न्यायालयाने हा हुकूम स्थगित केला. कारण? बहुमताने दिलंच नाही. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी तेवढं स्वतंत्र मत जोडलं: निव्वळ वंशावरून संशय घेता येणार नाही, पण इतर बाबींच्या जोडीला तो विचारात घेता येईल. इतर बाबींच्या जोडीला! अहो, हार्वर्ड तरी दुसरं काय म्हणत होतं? आणि २०२३ च्या बहुमतात हेच कॅव्हनॉ होते.

‘आता आमच्या मुलांना न्याय मिळाला’ म्हणून २०२३ च्या त्या निकालावर खूश झालेल्यांत अमेरिकेतली आपलीही मंडळी होती. त्यांच्यासाठी एक जुनी फाइल. १९२२ साली ताकाओ ओझावा या जपान्याने ‘गोरा माणूस’ म्हणून नागरिकत्व मागितलं. न्यायमूर्ती सदरलँड म्हणाले, कातडीच्या रंगाचं काही नाही, वंशाने कॉकेशियन लागतो. तीनच महिन्यांनी भगतसिंग थिंद पुढे आले, पंजाबी, मानववंशशास्त्राच्या पोथीप्रमाणे कॉकेशियन. तेच सदरलँड उत्तरले, शास्त्र राहू द्या, सामान्य माणसाला तुम्ही गोरे वाटत नाही! हिंदी माणसाला ते दार पुन्हा उघडलं १९४६ मध्ये.

तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मंडळींनो, मुलाला प्रवेश मिळाला तर पेढे जरूर वाटा. आणायला बाहेर पडताना नागरिकत्वाचा कागद तेवढा खिशात असू द्या.