नावे आधी, कारणे नंतर

कामगार कपातीची फाइल उघडली की पैशांचा हिशेब बहुधा चोख असतो. एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी वेतन, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई, धनादेश, पोचपावती, सगळे जागच्या जागी. हीच माणसे का निवडली, हे सांगणारा कागद मात्र हटकून सापडत नाही. सापडलाच, तर तो वाद न्यायालयात गेल्यावर तयार झालेला असतो.

मागणी घटली, विभाग बंद करायचा आहे, मनुष्यबळ कमी करणे भाग आहे, हा निर्णय मालकाचा. तो प्रामाणिक असेल तर न्यायालये सहसा त्यात हात घालत नाहीत. पण कोणाला कमी करायचे, हा प्रश्न मालकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५ जी मध्ये त्याचे उत्तर होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही कलम ७१ मध्ये तेच ठेवले आहे: वेगळा करार नसेल तर त्या प्रवर्गात शेवटी आलेला आधी जाईल, आणि हा क्रम मोडायचा असेल तर कारणे नोंदवावी लागतील.

समजा, सीएनसी विभागातल्या बारा ऑपरेटरांपैकी तिघांना कमी करायचे आहे, आणि ज्येष्ठतेत चौथ्या असलेल्याला नोटीस मिळते. कारण सांगितले जाते, कामगिरी. गुणपत्रकात शंभरपैकी चाळीस गुण ‘वृत्ती’चे. गुण देणारा सुपरवायझर एकच, आणि बाराही पत्रकांवर त्याची सही नोटिशीच्या आदल्या दिवसाची. याच ऑपरेटरच्या मागच्या तीन वार्षिक मूल्यमापनांवर शेरा ‘उत्तम’. असे पत्रक उलटतपासणीत टिकत नाही, आणि टिकूही नये.

जोरहाट टी कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच हे स्पष्ट केले. एखाद्या कनिष्ठाकडे मालकाला आवश्यक असलेली खास पात्रता असेल, तर त्याला ठेवता येते. पण तसे कारण सिद्ध करण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची. एकाच प्रवर्गात वेतनश्रेणीचे गट पाडून ज्येष्ठतेला बगल देता येत नाही.

म्हणून कार्मिक अधिकारी, सल्लागार आणि वकील मित्रांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. नावांची चर्चा सुरू होण्यापूर्वी प्रवर्ग ठरवा आणि ज्येष्ठता यादी तयार करा. १९५७ च्या केंद्रीय नियमांनुसार ती कपातीच्या किमान सात दिवस आधी नोटीस बोर्डावर लावावी लागे. ही शिस्त सोडू नका, कारण रुजू झाल्याची तारीख चुकली असेल तर ती कामगारच दाखवून देतो. क्रम सोडायचाच असेल तर निकष आधी लिहा, ते कामाच्या जुन्या नोंदींवर ताडून पाहा आणि गुण किमान दोघांकडून घ्या. वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर कमी केलेल्यांना आधी बोलवा. संहितेच्या कलम ७२ नुसार तो त्यांचा हक्क आहे.

पंधरा वर्षे घाम गाळलेला माणूस ‘मीच का?’ असे विचारतो, तेव्हा भरपाईचा आकडा हे त्याचे उत्तर नव्हे. ते उत्तर कागदावर नसेल, तर मालक कितीही घाई करो, नोटीस तयार करायला आपण नकार दिला पाहिजे.