हौद्यात मावतं म्हणून?

जूनमध्ये मलिहाबादचा दशहरी लखनौच्या दुबग्गा मंडईकडे निघतो, तेव्हा कित्येक पिकअपची मागची बाजू रस्त्याला टेकायला आलेली असते. (हापूसवाल्यांनी नाक मुरडू नये, काट्यावर दोन्ही आंबे सारखेच.) हटकलं तर उत्तर तयार असतं: कंपनी वजनाचा आकडा मुद्दाम कमी सांगते; स्प्रिंगचे पाटे तुटले नाहीत म्हणजे गाडी पेलते.

पाटे हा पुरावा कसला? जादा पाटा टाकला की गाडी बसायची थांबते, पण ब्रेक, टायर, बेअरिंग जुनीच राहतात. मागच्या चाकांच्याही मागे गेलेलं ओझं पुढची चाकं उचलू पाहतं. स्टिअरिंग हलकं लागतं आणि चालकाला वाटतं, गाडी झकास चालली आहे. कंपनी ताकद राखून ठेवते हे खरं, पण ती खड्ड्यांसाठी. चाक आदळतं त्या क्षणी अ‍ॅक्सलवर उभ्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त भार येतो. राखीव ताकद क्रेटांनीच खाल्ली, तर खड्ड्याला काय उरलं?

काही जण 2018 कडे बोट दाखवतात: सरकारनेच मर्यादा वाढवली ना? वाढवली, ती मुख्यतः अवजड मालवाहनांच्या अ‍ॅक्सलची. आपल्या पिकअपच्या आरसीवरचा आकडा त्याने आपोआप बदलत नाही.

तो आकडा वाचायचा कसा, हेच खरं शिकण्याजोगं. समजा, आरसीवर भारित वजन 2,990 किलो आणि रिकामं 1,690. फरक 1,300. पण मोटार वाहन कायद्यातल्या व्याख्येनुसार रिकाम्या वजनात चालक आणि मदतनीस धरलेले नसतात. त्या दोघांचे 140 गेले. नंतर बसवलेली जाळी, ताडपत्री, दोरखंड यांचे 60. उरले 1,100. भरलेला क्रेट 25 किलोचा धरला तर 44 क्रेट. हौद्यात सत्तर मावतात, पण हौदा जागा मोजतो, वजन नव्हे. सत्तर भरले की 650 किलो जास्त.

राहिला भाड्याचा मुद्दा, आणि तो पोकळ नाही. व्यापारी खेपेचे पैसे ठरवतो, म्हणून खेपेत कोंबतो. पकडला जातो चालक. 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 20,000 रुपये, वर जादा टनामागे 2,000, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही. उन्हात रस्त्याकडेला उतरवलेल्या दशहरीचं काय होतं, ते बागवानाला सांगायला नको. कायदा मात्र चालवणाऱ्यासोबत चालवायला लावणाऱ्यालाही दोषी धरतो. पण तपासणी हौद्यापाशीच थांबते, बिलापर्यंत पोचत नाही. म्हणून भाडं किलोवर ठरावं, त्यातून आरसीच्या मर्यादेत भरूनही चालकाचा खर्च निघावा, आणि गाडी सुटण्याआधी धर्मकाट्याची पावती माल भरणाऱ्याच्या सहीनिशी बिलाला जोडलेली असावी. काट्याचे पैसेही त्यानेच द्यावेत.