अब्बांच्या वाट्याचे समोसे



दोन वर्षांपूर्वी आमच्या अब्बांची, म्हणजे सासऱ्यांची, अँजिओप्लास्टी झाली. पुढच्या रमजानला डॉक्टरांनी तपासून रोज्यांची परवानगी दिली, गोळ्यांच्या वेळा सहेरी-इफ्तारला बांधून दिल्या आणि बजावले, तळलेले बंद. पहिल्या रोज्याला दस्तरखानावर नेहमीसारखे खिम्याचे समोसे होते. अब्बांनी खजूर खाल्ला, पाणी प्याले, कलिंगडाच्या दोन फोडी घेतल्या आणि मगरिबसाठी उठले. कोणी काही बोलले नाही. समोसे मात्र त्या दिवशी उरले.

दुसऱ्या दिवशी आम्ही समोसे ओव्हनमध्ये भाजायचे ठरवले. अम्मी हसल्या, "समोसे कू कोई भूनते क्या?" भाजतात की! उझबेकिस्तानात, मध्य आशियात समसा तंदूरमध्येच भाजतात आणि तो आपल्या समोशाचाच भाऊबंद. पण आमचा पहिला घाणा चामड्यासारखा वातड झाला. अब्बांनी "अल्हमदुलिल्लाह, चांगला आहे" म्हणून अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा ताटलीखाली सापडला.

चूक कुठे झाली ते विचार केल्यावर कळले. कढईतले तेल 170-180 अंशांवर असते, त्यात पट्टीतले पाणी वाफ होऊन झटक्यात निघून जाते, म्हणून कुरकुरीतपणा येतो. ओव्हनमधली गरम हवा तेच काम सावकाश करते. सारण ओलसर असेल तर पट्टी आतून भिजत राहते, आणि वरून तेलाचा हात नसेल तर ती नुसती वाळते. म्हणजे तेल पूर्ण टाळायचे नाही, फक्त कढईतून ब्रशवर आणायचे.

वीस-बावीस लहान समोशांसाठी पाव किलो खिमा घ्या. आले-लसूण, हळद, मीठ घालून तो आधी पूर्ण शिजवा आणि पाणी अगदी आटेपर्यंत परता. ओव्हनमध्ये पट्टी भाजते, मांस शिजवायला तेवढा वेळ पुरत नाही, तेव्हा कच्चा खिमा भरू नका. खिमा थंड झाल्यावर दोन कांदे बारीक चिरून, मीठ लावून, घट्ट पिळून त्यात घाला. हे पिळणे आम्ही पहिल्या वेळी विसरलो होतो. मग पुदिना, कोथिंबीर, हिरवी मिरची, गरम मसाला. लिंबू सारणात नको, खाताना वरून पिळा.

बाजारच्या समोशाच्या पट्ट्या चालतात. मैद्याच्या लईने कोपरे नीट बंद करा. समोशांना दोन्ही बाजूंनी ब्रशने तेल लावा, सगळ्यांना मिळून मोठे दोन चमचे पुरते. ओव्हन 180 अंशांवर दहा मिनिटे आधी तापवून घ्या. समोसे एकमेकांना न चिकटवता ठेवा, बारा मिनिटांनी उलटा, पुढे आठ-दहा मिनिटे, रंग पाहून. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवरच, साध्या मायक्रोवेव्हमध्ये ते लिबलिबीत होतात. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर, त्यावर स्टँड, झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा आणि ताटलीत समोसे ठेवून अर्धा तास भाजा. मध्ये एकदा उलटायचे. रंग थोडा फिका येतो, चव तीच.

शाळेतून येऊन रोज पट्ट्या वळणे आम्हाला जमत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी करून फ्रीझरमध्ये ताटात सुटे गोठवतो आणि मग पिशवीत भरतो. वितळू न देता तसेच भाजायला ठेवायचे, चार-पाच मिनिटे जास्त लागतात. भाजले की लगेच खायचे. तळलेल्यासारखे ते तासभर कुरकुरीत राहत नाहीत, आणि चवही हुबेहूब तीच असते असे आम्ही म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. भाजलेले म्हणजे हलकेच, असे नाही. बेकरीची खारी भाजलेलीच असते, पण तिच्या पदरापदरात तूप-डालडा असतो. आणि समोशाचा मैदा ओव्हनमध्ये गेला म्हणून मैदाच राहतो. घरात मधुमेहाचे कोणी असेल तर संख्या मोजूनच वाढा.

दुसरा घाणा काढला तेव्हा मगरिबला पाच मिनिटे होती. अब्बांनी अजान झाल्यावर खजूर खाल्ला, पाणी प्याले आणि समोसा मोडला. आवाज सगळ्यांना ऐकू आला. आता त्यांना रोज दोन मिळतात. तिसऱ्याकडे हात गेला की अम्मी कलिंगडाची ताटली पुढे सरकवतात.