भंगारातील चामडे आणि आपली प्रतिष्ठा

घराची डागडुजी निघाली की पहिला बळी जातो तो दिवाणखान्यातील सोफ्याचा. स्प्रिंगा बसलेल्या असतात, फोमचा भुगा झालेला असतो, हातांवरचा रंग उडालेला असतो. नवे सामान घेऊन टेम्पो दारात उभा राहतो आणि जुना सोफा अंधार पडल्यावर गल्लीच्या तोंडाशी नेऊन ठेवला जातो. दुसऱ्या दिवशी भंगारवाला त्यातील लोखंड व लाकूड काढून नेतो. मागे उरतात फोम आणि चामडे. ते पावसात कुजते, नाहीतर कोणीतरी काडी लावून पेटवून देतो. या चामड्याविषयी आम्हांला काही लिहावयाचे आहे आणि ते सर्वांनाच रुचेल असे नाही. धडधाकट चामडे फेकणे ही उधळपट्टी आहेच. परंतु ते सोडवून घेण्याची आपल्याला जी लाज वाटते, ती त्या उधळपट्टीहूनही वाईट आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपण काय फेकतो ते आधी समजून घेऊ. सोफ्यासाठी वापरले जाणारे गुराचे अख्खे कातडे साधारण ५० चौरस फूट भरते आणि एका मोठ्या सोफ्याला अशी अनेक कातडी लागतात. कातडे कमावण्यास पाणी लागते, चुना लागतो, रसायने लागतात आणि दुर्गंधीत दिवसभर उभी राहणारी माणसे लागतात. पूर्वी बाभळीची साल व हिरडा वापरून हे काम होई. कोल्हापुरी चपलेचे चामडे आजही तसेच कमावतात. सोफ्याचे चामडे मात्र बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ साली अमेरिकेत या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पुढे ती जगभर पसरली. तिने काम झटपट होऊ लागले. त्याची किंमत नद्यांनी मोजली. कानपूरच्या जाजमऊ भागातील कारखान्यांचे सांडपाणी गंगेत जात होते. ज्यांच्याकडे प्राथमिक शुद्धीकरणाचीही सोय नाही असे कारखाने बंद करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १९८७ साली द्यावा लागला. एवढी किंमत मोजून तयार झालेली वस्तू आपण दहा-पंधरा वर्षांत उकिरड्यावर टाकतो, तेव्हा ते चामडे अजून कित्येक वर्षे टिकणारे असते.

जाळण्याने प्रश्न सुटतो असे समजणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, क्रोमियमने कमावलेले चामडे उघड्यावर जळते तेव्हा त्यातील क्रोमियमचे अधिक विषारी रूप तयार होऊ शकते. ते राखेत राहते आणि राख विहिरीकडे वाहते. रेक्झिन जाळले तर त्याचा धूर फुफ्फुसांना जाळतो. रस्त्यावर कचरा जाळण्यास २०१६ च्या घनकचरा नियमांनी स्पष्ट मनाई केली होती. तरी पहाटेच्या मिस्सेला जाताना असा धूर नाकात गेला नाही, असे किती वाचक छातीठोकपणे सांगू शकतील?

आता विरोधी मतांकडे वळू. पहिला आक्षेप प्रतिष्ठेचा. एका धर्मग्रामातील शिवणवर्गाला आम्ही सुचविले की, टाकलेल्या सोफ्यांचे चामडे उसवून त्याच्या चष्म्याच्या पिशव्या, पैशांची पाकिटे, प्रार्थनापुस्तकांची वेष्टणे शिवावीत. वर्गात शांतता पसरली. मग एक भगिनी हलकेच म्हणाली, “फादर, हे काम आपले नव्हे.” या वाक्यातील ‘आपले’ हा शब्द आम्हांला फार बोचला. त्याच भगिनीच्या खांद्याला चामड्याची पर्स होती. चामडे वापरणे आपले, चामड्याला सुई लावणे दुसऱ्याचे! घाणीचे कारण पुढे केले जाते, पण ते खरे नाही. स्वतःच्या घरात ज्यावर आपण वर्षानुवर्षे बसलो, जेवलो, ज्यावर बाळे निजविली, ते चामडे सोफ्यावरून उतरताच अस्पृश्य कसे झाले? बाप्तिस्म्याने आपली नावे बदलली. चामड्याला हात लावावा लागला की अंगात जुनी शिवाशिव मात्र जागी होते. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलितांविषयीचे आपले धोरण जाहीर केले आणि जातिभेद ख्रिस्तसभेतही आहे हे मान्य केले. तो भेद केवळ सोयरिकीच्या वेळीच दिसतो असे नाही. तो शिवणवर्गातही दिसतो.

अशांना आम्ही प्रेषितांच्या कृत्यांची आठवण देतो. पेत्र यापो येथे बरेच दिवस राहिला तो समुद्रकाठच्या शिमोन चांभाराच्या घरी. मेलेल्या जनावरांना हात लावावा लागे म्हणून त्या काळच्या यहुदी समाजात हा धंदा हीन मानला जाई. त्याच घराच्या धाब्यावर प्रार्थना करीत असताना, देवाने जे शुद्ध केले ते अशुद्ध मानू नये, हा धडा पेत्राला मिळाला. पौलानेही करिंथ येथे अक्विला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवण्याचे काम केले. आणि या महाराष्ट्रात, जेथे संत रोहिदासांचे नाव आदराने घेतले जाते, तेथे रापी आणि आरी यांची लाज वाटण्याचे कारण काय?

जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या कंपनीच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला झळकल्या आणि त्यांचे श्रेय कोल्हापूरला दिले गेले नाही, तेव्हा महाराष्ट्रात संताप उसळला. कंपनीला पुढे हे मूळ मान्य करावे लागले. तो संताप योग्यच होता. पण मिलानमध्ये चर्मकाराचा मान गेला म्हणून चिडणारे आपण, आपल्या नाक्यावर छत्रीखाली बसणाऱ्या चर्मकाराला कधी घराच्या ओट्यावर बोलावले आहे काय?

दुसरा आक्षेप दयाळू मनाच्या लोकांचा. चामडे म्हणजे हिंसा, तेव्हा ते घरात नकोच, असे ते म्हणतात. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. तथापि ज्या जनावराचे हे कातडे आहे ते केव्हाच मेले. चामडे फेकल्याने ते जिवंत होत नाही. उलट, फेकलेल्या चामड्याच्या जागी नवी पर्स येते, ती नव्या कातड्याची किंवा प्लास्टिकची. जुने चामडे पुन्हा वापरणे हाच येथे दयेचा मार्ग होय.

तिसरा आक्षेप गंभीर आहे. घरोघरी लोक चामडे शिवू लागले तर मोच्याच्या पोटावर पाय येईल, असे काहीजण विचारतात. आमचे उत्तर असे की, हे काम त्याला वगळून नीट होतच नाही. जाड कडा रापीने तासून पातळ करणे, आरीने सरळ भोके पाडणे, मेणाच्या दोऱ्याचा टाका घालणे, हे ज्ञान त्याच्या बोटांत आहे. त्याला शिक्षक म्हणून बोलवा आणि शिक्षकाचे मानधन द्या. वस्तू विकल्या तर त्याचा वाटा आधी बाजूला काढा. फुकटात शिकून त्याच्याच गिऱ्हाइकाला माल विकणे हा मात्र अन्याय ठरेल.

केवळ उपदेश करून थांबणे बरे नव्हे, म्हणून थोडे व्यवहाराचे. चामड्यासारखे दिसते ते सारे चामडे नसते. कडेचा छोटा तुकडा कापून पाहावा: आरपार तंतू दिसले आणि मागची बाजू मऊ लवदार असली तर ते चामडे, मागे कापडाची वीण दिसली तर ते रेक्झिन. चामड्याचा चुरा चिकटवून केलेला एक प्रकारही मिळतो. त्याचे पापुद्रे सुटतात, तो घेऊ नये. पुष्कळ सोफ्यांत अंग टेकते तेवढ्याच भागाला चामडे आणि पाठीमागे व बाजूंना रेक्झिन असते, हेही पाहावे. ढेकूण किंवा बुरशी असलेला सोफा घरात आणू नये. शिवण ब्लेडने उसवावी, पिना पक्कडीने काढाव्यात, ओलसर फडक्याने पुसून चामडे सावलीत वाळवावे. घामाने व तेलाने डोक्याखालचा भाग कमकुवत झालेला असतो, तो टाकावा. हे चामडे साधारण एक मिलिमीटर जाडीचे व मऊ असते. त्यावर ठशांचे नक्षीकाम उठत नाही आणि अस्तराशिवाय पट्टा केला तर तो ताणला जातो; पिशव्या, पाकिटे, वेष्टणे यांना ते उत्तम. घरच्या शिलाई यंत्राला चामड्याची सुई लावून टाका लांब ठेवला तर दोन पदर सहज शिवले जातात. टाचण्या टोचू नयेत. चामड्याला पडलेले भोक बुजत नाही.

हे सारे कठीण नाही. कठीण आहे ते मन वळविणे. शाळांतून हस्तकला शिकविली जाते, पण बाजारातून आणलेल्या रंगीत कागदांची; ती संपताच केरात जाते. आपल्या मुलांनी एकदा तरी टाकलेल्या वस्तूतून टिकाऊ वस्तू घडवावी आणि ती घडविताना ज्याच्याकडे समाज खालच्या नजरेने पाहतो त्याच्या हाताखाली शिकावे, असे आम्हांला वाटते. त्यातून मिळणारे शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकातून मिळणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी सोफा दाराबाहेर काढण्यापूर्वी तो उलटा करा आणि एक शिवण उसवून पाहा. चामडे निघाले तर नाक्यावरच्या मोच्याला बोलावणे पाठवा. त्याला पायरीवर न बसविता खुर्ची द्या आणि चहा द्याल तो घरच्याच कपातून द्या. ज्या घराला एवढे जमणार नाही, त्या घराने चामड्याच्या स्वच्छतेची चर्चा करू नये.